नाव ठेवण्याआधी

गेल्या मार्गशीर्षात माझ्या भावाला नात झाली. इंदूरच्या एका रुग्णालयात तिला पहिल्यांदा पाहायला गेले, तेव्हा दुपट्यात गुंडाळलेल्या त्या एवढ्याशा जिवाच्या मनगटावर प्लास्टिकची एक पांढरी पट्टी होती आणि तिच्यावर निळ्या शाईने ‘बेबी ऑफ’ असे लिहून पुढे माझ्या भाचेसुनेचे नाव, जन्माची तारीख, वेळ आणि वजन लिहिलेले होते. खोलीत जमलेले सगळे जण बाळाचे नाक कोणावर गेले आहे याची चर्चा करत होते. मी मात्र ती पट्टी पुन्हा पुन्हा वाचत होते. पस्तीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आणि त्याहून अधिक वर्षे आकाशाचे वेड जपले, त्यामुळे नव्याने सापडलेल्या लघुग्रहालाही पहिल्या दिवशी अशीच एक पट्टी मिळते, हे मला ठाऊक होते. केव्हा दिसला आणि कितवा दिसला, एवढीच त्याची नोंद होते. नाव फार पुढची गोष्ट असते.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. बाळाची सख्खी आत्या, म्हणजे माझी भाची, परदेशात असल्यामुळे हा मान या वेळी माझ्याकडे आला. बाराव्या दिवसापर्यंत नाव ठरवायचे होते, आणि घरच्या मोबाइलवरच्या गटात रोज दहा-वीस नावे येत होती, कोणाला आवडत होती, कोणी ती खोडून काढत होते. जन्माचा दाखला नावाशिवायही मिळतो, वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते, अशी माहिती भाच्याने आणली. लघुग्रह शोधणाऱ्याला नाव सुचवण्याचा हक्क दहा वर्षे असतो, हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “आत्या, त्यांच्याकडे बारसं नसतं का?” बारसे असते. पण ज्याचे बारसे करायचे त्याची पुरती ओळख पटल्यावरच ते करतात, आणि मला त्यांच्या रीतीतले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

ही पट्टी वाचता येते, म्हणून एक जवळून दाखवते. ‘२००६ व्हीपी३२’ अशी एका लघुग्रहाची पहिली नोंद आहे. सुरुवातीला शोधाचे वर्ष. त्यानंतरचे अक्षर पंधरवड्याचे: जानेवारीचा पहिला पंधरवडा ‘ए’, दुसरा ‘बी’, अशी वर्षाच्या चोवीस पंधरवड्यांना चोवीस रोमन अक्षरे वाटून दिलेली आहेत, त्यांतून ‘आय’ हे अक्षर एकचा आकडा समजले जाऊ नये म्हणून वगळले आहे आणि ‘झेड’ची गरजच पडत नाही. ‘व्ही’ म्हणजे १ ते १५ नोव्हेंबर. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम सांगते. इथेही ‘आय’ नाही, त्यामुळे पंचवीस अक्षरे होतात. ती संपली की पुन्हा ‘ए’पासून सुरुवात करायची आणि किती आवर्तने झाली तो आकडा शेवटी लिहायचा. ‘पी’ हे पंधरावे अक्षर आणि बत्तीस आवर्तने आधी पूर्ण झालेली, म्हणजे पंचवीस गुणिले बत्तीस आठशे, अधिक पंधरा. नोव्हेंबर २००६ च्या पहिल्या पंधरवड्यात नोंदवलेला हा ८१५ वा लघुग्रह. एका पंधरवड्यात आठशेहून अधिक! मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात किती गर्दी आहे, याचा अंदाज एवढ्या एका पट्टीवरून येतो. या विशिष्ट लघुग्रहाला पुढे कोणाचे नाव मिळाले, ते ओघात सांगेन.

पट्टी मिळाल्यावर वाट पाहण्याचा काळ सुरू होतो. लघुग्रह एकदा दिसला म्हणजे सापडला असे होत नाही. तो सूर्याजवळ सरकतो, दिवसाच्या उजेडात बुडतो, महिनोन्‌महिने दिसत नाही, आणि पुन्हा दिसलेला ठिपका तोच की दुसरा, हे गणिताने ठरवावे लागते. साधारणपणे चार प्रतियुतींमध्ये, म्हणजे पृथ्वी त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये येण्याच्या चार वेगवेगळ्या फेऱ्यांमध्ये, तो हिशेबाप्रमाणे जागच्या जागी सापडला, तर त्याची कक्षा पक्की झाली असे मानतात आणि मायनर प्लॅनेट सेंटर ही संस्था त्याला कायमचा क्रमांक देते. एवढे झाल्यावरच नावाचा विषय निघतो. आज तेरा लाखांहून अधिक लघुग्रहांची नोंद आहे आणि त्यांतल्या जेमतेम पंचवीस हजारांच्या आसपास लघुग्रहांना नावे आहेत. बाकीचे क्रमांकावर किंवा पट्टीवर आहेत. इंदूरच्या माणसाला याचे नवल वाटणार नाही, कारण आमच्याकडे विजय नगरला स्कीम नंबर ५४ म्हणणारेही आहेत, आणि ‘अठ्ठ्याहत्तरमध्ये राहतो’ असे म्हटले की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. क्रमांकालाही वापराने माया चिकटते.

कक्षा पक्की होण्याआधीची चुटपुट या शास्त्राने पहिल्याच लघुग्रहाच्या वेळी अनुभवली. १ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिलीतल्या पालेर्मो येथे जुझेप्पे पियाझ्झी यांना वृषभ राशीत एक अनोळखी ठिपका दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी तो चोवीस वेळा पाहिला. मग ते आजारी पडले आणि ठिपका सूर्याच्या झगमगाटात गेला. चोवीस वर्षांच्या गाउस या जर्मन गणितज्ञाने हाताशी असलेल्या मोजक्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढण्याची नवी रीत शोधली, आणि वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबरला, तो त्याने सांगितलेल्या ठिकाणाजवळच पुन्हा सापडला. पियाझ्झींनी त्याला ‘सेरेरे फर्दिनांदेआ’ असे जोडनाव दिले होते. सेरेस ही धान्याची देवता, सिसिलीची संरक्षक, आपण तिला अन्नपूर्णा म्हणावे अशी. आणि फर्दिनांद हा त्यांचा आश्रयदाता राजा. युरोपातल्या इतर देशांनी देवता ठेवली आणि राजाला गाळले. त्यानंतर पॅलस, जुनो आणि व्हेस्टा सापडल्या. १८०७ मध्ये ऑल्बर्स यांनी शोधलेल्या चौथ्या लघुग्रहाचे ‘व्हेस्टा’ हे नाव गाउसने निवडले. दुर्बिणीतून हे सगळे ताऱ्यांसारखेच नुसते बिंदू दिसत, म्हणून पहिले दोनच सापडलेले असताना, १८०२ मध्ये, विल्यम हर्शेल यांनी त्यांना ‘अ‍ॅस्टरॉइड’ हा शब्द वापरला. त्याचा अर्थ ताऱ्यासारखा.

व्हेस्टाचा माझ्या घराशी संबंध आहे. रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवरून माझे वडील साध्या द्विनेत्रीतून तिचा माग काढत असत. ते शाळेत गणित शिकवत. पाहण्याची त्यांची पद्धत अशी की, आकाशाचा एक तुकडा निवडायचा, त्यातले सगळे ठिपके चौकटीच्या वहीत उतरवायचे, चार दिवसांनी तोच तुकडा पुन्हा उतरवायचा, आणि दोन पाने शेजारी ठेवून कोणता ठिपका हलला ते शोधायचे. आई जिन्याच्या दिव्याखाली अभ्र्यांवर भरतकाम करत बसे. वडिलांनी दिवा मालवायला सांगितला की सुई कापडात टोचून ठेवून ती आमच्याजवळ येई. एका थंडीत मी आणि वडील दोन्ही पानांवर डोळे खिळवून बसलो होतो आणि आम्हांला काही सापडत नव्हते. आईने बॅटरीच्या उजेडात वही घेतली आणि बोट ठेवून म्हणाली, “हा काल इथं नव्हता. दोन घरं खाली आलाय.” आयुष्यभर कापडाचे धागे मोजून टाके घालणारी नजर होती ती. ती व्हेस्टा होती. पुढच्या चार दिवसांनी ठिपका आणखी सरकला तेव्हा वडिलांनी त्याच्याजवळ नाव लिहिले. आधी खात्री, मग नाव, हा धडा मी त्या वहीत पाहिला.

पहिल्या पन्नास वर्षांत नावे देवींची असत, आणि प्रत्येकीला एक चिन्हही असे. सेरेसचे चिन्ह विळा होते. पुढे लघुग्रह इतके सापडू लागले की चिन्हांच्या जागी वर्तुळातला आकडा आला. १८५० मध्ये लंडनच्या जॉन रसेल हाइंड यांनी बाराव्या लघुग्रहाला ‘व्हिक्टोरिया’ नाव दिले आणि वाद उभा राहिला, कारण राणी गादीवर होती आणि हयात व्यक्तीचे नाव आकाशात नको, असे अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांचे म्हणणे होते. हाइंड यांनी रोमन विजयदेवतेकडे बोट दाखवले. आपल्या भाषेत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचे अंतर आहे, आणि लघुग्रहांच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी सदैव बरोबरीने चालल्या आहेत. आजचा नियम या जुन्या वादाला उत्तर देतो: राजकारण किंवा युद्ध यांमुळे प्रसिद्ध झालेल्या व्यक्तीचे वा घटनेचे नाव मृत्यूनंतर किंवा घटनेनंतर शंभर वर्षे लोटल्याशिवाय देता येत नाही. मल्हारगंज, तुकोगंज, स्नेहलतागंज, मनोरमागंज अशा होळकरांच्या कर्त्या पुरुषांच्या आणि लेकींच्या नावांमधून रोज ये-जा करणाऱ्या मला हा नियम सुरुवातीला कडक वाटला होता. आता तो योग्य वाटतो. आकाश कोणा एका संस्थानाचे नाही, आणि सत्तेच्या नावाचा ताप उतरायला शंभर वर्षे लागतातच.

आपल्या भूमीवरून सापडलेला पहिला लघुग्रह मद्रासच्या वेधशाळेतला. १७ एप्रिल १८६१ रोजी नॉर्मन पॉगसन यांनी ६७ वा लघुग्रह तिथून शोधला, आणि आशिया खंडातून झालेला तो पहिलाच शोध असल्यामुळे त्याचे नाव ‘एशिया’ ठेवले. त्यांनीच तिथून पुढे सॅफो आणि सिल्विया शोधल्या. पण मला त्यांच्या यादीतली एक जोडी विशेष हुरहूर लावते. २४४ क्रमांकाच्या लघुग्रहाचे नाव ‘सीता’ आहे. तो १८८४ च्या ऑक्टोबरात व्हिएन्नाच्या योहान पालिसा यांना सापडला आणि त्यांनी त्याला रामायणातल्या सीतेचे नाव दिले. लगेच पुढचा, २४५ क्रमांकाचा, १८८५ च्या फेब्रुवारीत मद्रासला पॉगसन यांना सापडला, आणि त्याचे नाव ‘व्हेरा’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खरी. म्हणजे आपली सीता दूर डॅन्यूबकाठी सापडली, आणि आपल्या समुद्रकिनाऱ्यावरून सापडलेलीला लॅटिन नाव मिळाले. सीतेच्या शेजारी ‘खरी’ असा शब्द क्रमांकानेच येऊन बसावा, हा योगायोग आहे हे मला कळते, तरी ती दोन नावे यादीत एकाखाली एक वाचताना मी दर वेळी थांबते.

याच पालिसांची आणखी एक गोष्ट मला भाच्याला सांगावी लागली. त्याने बाळासाठी पैसे भरून एका ताऱ्याला नाव द्यायचे ठरवले होते. चौकटीत लावायचे प्रमाणपत्रही मिळणार होते. असे प्रमाणपत्र कोणत्याही वेधशाळेत मानले जात नाही, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ताऱ्यांची किंवा लघुग्रहांची नावे विकत नाही, हे सांगताना त्याचा पडलेला चेहरा मला पाहवला नाही. पण एकदा, एका काळात, अशी विक्री झाली होती. पालिसांनी आयुष्यभरात डोळ्यांनी आकाश धुंडाळून १२२ लघुग्रह शोधले. १८८६ च्या ऑगस्टमधल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या मोहिमेला पैसे हवेत म्हणून त्यांनी एका लघुग्रहाच्या नावाचा हक्क पन्नास पौंडांना देऊ केला. बॅरन आल्बेर्ट फोन रोथशिल्ड यांनी तो घेतला आणि २५० व्या लघुग्रहाला पत्नीचे ‘बेटिना’ हे नाव मिळाले. आज ही वाट बंद आहे आणि व्यापारी नावांनाही मज्जाव आहे. मला पालिसांचा राग येत नाही. ज्याने सीता शोधली त्यालाच ग्रहण पाहण्यासाठी नाव विकावे लागले, याचे वाईट मात्र वाटते.

आता नावाचा प्रस्ताव शोधक करतो आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा एक कार्यगट तो तपासतो. नाव सोळा अक्षरांत बसावे, शक्यतो एका शब्दाचे असावे, कोणत्या तरी भाषेत उच्चारता यावे, कोणाचा अपमान करणारे नसावे आणि आधीच्या नावाशी फार मिळतेजुळते नसावे. पृथ्वीजवळून जाणाऱ्यांना बहुधा पुराणकथांमधली नावे देतात. गुरूच्या पुढे-मागे त्याच कक्षेत चालणाऱ्या दोन समूहांना ट्रॉयच्या युद्धातले वीर वाटून दिलेले आहेत, एकीकडे ग्रीक आणि दुसरीकडे ट्रॉयवासी. पण ही वाटणी ठरण्याआधी नावे मिळालेला हेक्टर ग्रीकांच्या छावणीत आहे आणि पॅट्रोक्लस ट्रॉयच्या. नेपच्यूनपलीकडच्या अंधारात सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथांमधल्या देवता असतात, आणि तिथे २०,००० वा क्रमांक आपल्या वरुणाचा आहे. पाळीव प्राण्यांची नावे आता टाळायला सांगतात. १९७१ मध्ये सापडलेल्या २३०९ क्रमांकाच्या लघुग्रहाला शोधकाने आपल्या मांजराचे ‘मिस्टर स्पॉक’ हे नाव दिले, त्यानंतरची ही सूचना. ५१८ क्रमांकाचा ‘हालावे’ हा तर शोधकाला आवडणाऱ्या अरबी मिठाईचा, म्हणजे आपल्या हलव्याच्या मूळ पुरुषाचा, मान आहे. प्रत्येक नावाबरोबर हे नाव का दिले, ते सांगणारा दोन-चार ओळींचा मजकूर प्रसिद्ध होतो. मी तो मजकूर देवळातल्या शिलालेखासारखा वाचते. इतक्या कमी शब्दांत एखाद्याचे आयुष्य मांडण्याचे कसब फार थोड्यांना जमते.

आता त्या पट्टीकडे परत येते. ‘२००६ व्हीपी३२’ हा ११ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेतल्या एका आकाश सर्वेक्षणात सापडला, त्याला ३००१२८ हा क्रमांक मिळाला, आणि २०१९ मध्ये त्याचे नाव जाहीर झाले: पंडितजसराज, जोडून, एका शब्दात. पंडितजींची जन्मतारीख २८ जानेवारी १९३०. क्रमांक उजवीकडून जोडीजोडीने वाचला की २८, ०१, ३० असे आकडे येतात. लाखो क्रमांकांतून हा नेमका क्रमांक शोधून काढणाऱ्याने त्या स्वरांवर किती जीव लावला असेल! तेव्हा पंडितजी हयात होते आणि त्यांना ते कळले, याचा मला फार आनंद आहे. विश्वनाथन आनंद यांचा ४५३८ ‘विश्यानंद’ १९८८ मध्ये जपानमध्ये सापडला होता आणि त्याला नाव २०१५ मध्ये मिळाले. सत्तावीस वर्षे तो बिननावाचा फिरत होता. ४१३० ‘रामानुजन’ तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतून १९८८ साली सापडला, म्हणजे तो शोधानेही आपला आणि नावानेही. कोलंबिया यानाच्या सात अंतराळवीरांची नावे सलग सात क्रमांकांना दिलेली आहेत, त्यांत ५१८२६ ही कल्पनाचावला. आणि ५५३५ ‘अ‍ॅनफ्रँक’ हा १९४२ च्या मार्चमध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला सापडला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीला वाढदिवसाची भेट म्हणून ती वही मिळाली, जिच्यात तिने आपली रोजनिशी लिहिली. ज्या देशाच्या राजवटीने तिचा जीव घेतला त्याच देशातल्या दुर्बिणीने तिच्या नावाचा दगड त्या वर्षी शोधून ठेवला होता, फक्त तो तिचा आहे हे कोणाला माहीत नव्हते.

नाव हरवण्याची एक गोष्ट आहे, आणि ती मी आईशिवाय सांगू शकत नाही. १९२८ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या झांग युझे या चिनी तरुणाने एक लघुग्रह शोधला, त्याला ११२५ हा क्रमांक आणि ‘चायना’ हे नाव मिळाले. पण निरीक्षणे अपुरी पडली आणि तो हरवला. जुन्या काळी क्रमांक देताना घाई झाली की असे होई. १९५७ मध्ये नानजिंगजवळच्या वेधशाळेत सापडलेल्या दुसऱ्याच एका लघुग्रहाला तो क्रमांक आणि ते नाव देण्यात आले. मग १९८६ मध्ये मूळचा सापडला. त्याची जागा भरलेली होती. त्याला नवा क्रमांक मिळाला, ३७८९, आणि नाव मिळाले ‘झोंगग्वो’. चिनी माणूस आपल्या देशाला आपल्या भाषेत जे म्हणतो ते.

माझ्या आईचे नाव इंदिरा, असे मी पन्नास वर्षे समजत होते. लग्नात तिचे नाव बदलले होते, हे मोघम ठाऊक होते, पण त्या पिढीत सगळ्यांचेच बदलत असे, आणि मामा तिला अक्का म्हणत, त्यामुळे आधीचे नाव विचारण्याचा प्रसंग आला नाही. ती गेली त्या वर्षी रामबागेतले घर आवरताना माळ्यावर एक पितळी डबा सापडला. घरातल्या इतर सगळ्या भांड्यांवर ‘सौ. इंदिरा’ असे नाव घातलेले होते. सराफ्याजवळच्या बर्तन बाजारात बसून कारागीर खिळ्याने ठिपका ठिपका टोचून नाव घालत असे आणि आम्ही मुले ते पाहत उभे राहत असू. या डब्याच्या बुडाशी चिंचेने घासल्यावर दुसरीच अक्षरे वर आली: ‘चि. बकुळ हिस. शके १८७४.’ मी डबा घेऊन थोरल्या आत्याकडे गेले. आत्याने त्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि सांगितले, “अगं, तुझी आईच ती. बकुळ आमच्याकडे आली आणि तांदळाच्या ताटात अंगठीने इंदिरा लिहिलं. ती नाव वाचून माझ्याकडे बघायला लागली, मी कोण म्हणून.” अठरा वर्षांच्या मुलीला उंबरठा ओलांडल्यावर पहिल्या तासात, तिच्याशी कोणी चार वाक्येही बोललेले नसताना, नवे नाव मिळाले होते. एखाद्या दगडाला नाव देण्याआधी त्याला चार वेळा भेटून घेणाऱ्या माणसांविषयी मला जो आदर आहे, त्याचे मूळ तिथे आहे. आमच्या घरातली माणसे वाईट नव्हती. रीत तशी होती, पण ती रीत मला मान्य नाही, आणि माझ्या लग्नात मी माझे नाव बदलू दिले नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी पाळण्यासाठी आईने भरलेला एखादा जुना अभ्रा काढावा म्हणून मी ट्रंक उघडली. त्या रात्री मला राइनमुथ आठवत होते. हायडेलबर्गचे कार्ल राइनमुथ यांनी अनेक लघुग्रहांना वनस्पतींची नावे दिली. बर्लिनमध्ये लघुग्रहांच्या कक्षांचे गणित करणारे गुस्ताव श्ट्राके हे त्यांचे सहकारी; आपले नाव कोणत्याही लघुग्रहाला देऊ नये, अशी श्ट्राके यांची इच्छा होती. राइनमुथ यांनी त्या वेळी ती उघडपणे मोडली नाही. १२२७ पासून १२३४ पर्यंतच्या आठ लघुग्रहांची नावे त्यांनी अशी ठेवली: जेरेनियम, स्कॅबिओसा, टिलिया, रायसिया, ऑरिक्युला, कॉर्टुसा, कोब्रेसिया, एलिना. रायसिया हे एक वगळले तर सगळी झाडा-फुलांची. त्यांची रोमन आद्याक्षरे ओळीने वाचली की ‘जी. श्ट्राके’ असे नाव उमटते. ज्याला नाव नको होते, त्याचे नाव फुलांच्या आडून आकाशात कायमचे आहे.

ट्रंकेतून एकामागून एक अभ्रे निघाले. वेली, मोर, कुयऱ्या, प्रत्येकावर वेगळे काम. पण उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात प्रत्येकावर एकच बारीक नक्षी, मध्यबिंदूपासून सगळीकडे फाकलेले बारीक टाके. लहानपणापासून मी त्याला तारा समजत आले होते. वडिलांच्या गच्चीवरच्या छंदाला आईने दिलेली ती साथ आहे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही कधीतरी सांगितले होते. चष्मा लावून दिव्याखाली धरला तेव्हा दिसले की दोरा पांढरा नाही, पिवळाही नाही, फिकट बदामी आहे, सुकत आलेल्या फुलाचा असतो तसा. आणि नक्षीच्या मधोमध सुईने धागे बाजूला सारून, कडा गुंफून, एक नेटके भोक राखलेले आहे. ताऱ्याला भोक नसते. बकुळीच्या फुलाला असते. त्यातूनच दोरा ओवून गजरा करतात.

मी सतरा अभ्रे मोजले. सतराही अभ्र्यांवर तिची सही होती.

बारशाच्या दिवशी सकाळी बाळाला न्हाऊ घालण्याआधी भाचेसुनेने मनगटावरची पट्टी कात्रीने कापली. पाळण्यात अभ्रा घातला तो मी स्वतः, कोपरा बाळाच्या हाताशी येईल असा. बायकांनी पाळण्याखालून-वरून गोविंद घ्या, गोपाळ घ्या केले, मी वाकून बाळाच्या कानात कुर्र करून ठरलेले नाव सांगितले, आणि माझ्या पाठीवर धपाटे पडले. नाव बकुळ नाही. ते तिच्या आईवडिलांनी बारा दिवस तिच्याकडे बघून ठरवले होते, आणि मला ते आवडले. भावाने पाळण्यात डोकावून विचारले, “ताई, हा कोपऱ्यातला तारा आईच्या हातचा ना?” मी त्याला बाजूला बसवून भोक दाखवले.

ती प्लास्टिकची पट्टी टाकू दिली नाही. पितळी डब्यात ठेवली आहे.